दुपारपर्यंत

४ सप्टेंबर, गुरुवार. छपराच्या पन्हळी साफ करायला काढल्या. ऑक्टोबरात वादळं सुरू होतात. त्याआधी पन्हळींतला पालापाचोळा उपसला नाही तर पाणी उलटं फिरून छतात शिरतं. माझा नवरा इग्नी गुडघ्यामुळे शिडीवर चढत नाही. तो खाली शिडी धरून उभा राहतो आणि सूचना करतो.

"फिलो, डावीकडे राहिलंय."

"दिसतंय मला."

"नाही, त्याच्याही डावीकडे."

ऑस्ट्रेलियातलं टूवूंबा हे डोंगराच्या माथ्यावर वसलेलं गाव आहे. सप्टेंबरात इथलं ऊन वसंतातलं असतं आणि वारा हिवाळ्यातला. कोणाच्या तरी कुंपणावरच्या जाईचा वास येतो, त्यात शेतांतल्या जाळलेल्या गवताचा धूर मिसळतो, आणि वॉटलच्या फुलांची पिवळी भुकटी गाडीच्या काचेवर बसते. बागा बघायला ब्रिस्बेनहून बस भरभरून माणसं येतात. चांगला मोसम आहे. मला आवडत नाही.

शिडीच्या वरच्या पायरीवरून आमची अख्खी गल्ली दिसते. दोन मुली सायकलवरून चढ चढत होत्या. लांब स्कर्ट, छातीवर नावाची काळी पाटी, आणि हेल्मेटला साळिंदराच्या काट्यांसारखे उभे केलेले प्लॅस्टिकचे केबल टाय. निलगिरीच्या झाडावरून मॅगपाय सुटला आणि मागच्या मुलीच्या डोक्यावर झडप घालून परत वर गेला. ती ओरडली, मग दोघी हसल्या, आणि पुढच्या वळणावर दिसेनाशा झाल्या.

मी शिडीवरून खाली उतरले.

"झालं?" इग्नीने विचारलं.

"नाही."

अर्धी पन्हळ तशीच राहिली.

मॅगपाय हा काळापांढरा, कावळ्याएवढा पक्षी. वर्षभर पहाटे इतका गोड गातो की गजर लावायची गरज पडत नाही. घरट्यात पिल्लं असतात तेवढे पाच-सहा आठवडे मात्र तो माणसांच्या अंगावर येतो. मागून येतो आणि कानाच्या पाळीला चोच मारतो. सगळ्यांना नाही. तो चेहरे ओळखतो असं इथले लोक सांगतात. एकदा एखादा माणूस त्याच्या लेखी वाईट ठरला की दर वर्षी तोच माणूस. केबल टायचा कितपत उपयोग होतो कोणाला ठाऊक, पण निदान काहीतरी केल्यासारखं वाटतं.

तीन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात अशीच एक मुलगी कान धरून आमच्या फाटकात उभी राहिली. बोटांमधून रक्त. तिच्यासोबत दुसरी, थोराड बांध्याची, दोन्ही सायकली सांभाळत. मी हॉस्पिटलच्या ड्रेसिंग क्लिनिकमध्ये नर्स आहे. रक्त दिसलं की मी आधी हात धुते, चौकशी नंतर करते. मुलीला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं, कान साफ केला, पट्टी लावली.

"नाव काय तुझं?"

"सिस्टर लिंडेल."

"ते पाटीवर वाचलं. आईने ठेवलेलं नाव काय?"

तिने सोबतिणीकडे पाहिलं आणि म्हणाली, "ते घरी ठेवून आलेय."

मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची तरुण मुलं-मुली अशी घरदार सोडून धर्माचं काम करायला निघतात. मुलगे दोन वर्षं, मुली दीड वर्ष. कुठे जायचं ते त्यांनी ठरवायचं नसतं, पत्र येतं त्या देशात जायचं. ही अमेरिकेतल्या आयडाहोची, बटाट्याची शेती असलेल्या घरातली, वय वीस. दुसरी, सिस्टर मोआला, टोंगा बेटांवरची. ती हसली की आमच्या काचेच्या कपाटातल्या बशा वाजायच्या.

"चहा टाकू?" मी विचारलं.

"आम्ही चहा घेत नाही."

"कॉफी?"

"तीही नाही."

"मग वाइनचं मी विचारतच नाही," इग्नी दारातून म्हणाला. मोआला खो खो हसली. दोघींना मायलो, म्हणजे चॉकलेटचं गरम दूध, करून दिलं.

त्यांनी धर्माचा विषय काढला, तेव्हा इग्नीने हात वर केला. "पोरींनो, आम्ही वसईचे. पोर्तुगीज आले तेव्हापासून ख्रिस्ती. तुमचा पंथ निघाला तेव्हा आमचं देऊळ दुरुस्तीला आलं होतं." आम्ही वसईकर ख्रिस्ती चर्चला देऊळ म्हणतो. ते त्यांना समजावून सांगण्यात आणखी दहा मिनिटं गेली.

"नो वरीज, अंकल," मोआला म्हणाली. "धर्म राहू दे. तुमच्या अंगणात कपडे वाळत घातले तर चालेल का? आमचं युनिट दक्षिणेकडे तोंड करून आहे, ऊनच येत नाही." पृथ्वीच्या या अर्ध्यात ऊन उत्तरेकडून येतं.

तेव्हापासून दर सोमवारी त्या कपडे घेऊन यायच्या. सोमवार त्यांचा अर्ध्या सुट्टीचा दिवस. कपडे धुणं, सामान आणणं आणि घरी व्हिडिओ कॉल करणं, ही सगळी कामं सोमवारी.

बाकीचे दिवस मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचे, कारण त्यांचं युनिट, म्हणजे छोटा फ्लॅट, समोरच आहे. साडेसहाला उठायच्या. पावणेसातला ड्राइव्हवेत दोरीवरच्या उड्या, बाहेर दव गोठून गवत पांढरं झालेलं असलं तरी. मग दोन तास वाचन, खिडकीपाशी समोरासमोर बसून. दहाला सायकली बाहेर. मग दारं. एकेक गल्ली, एकेक दार. बेल वाजवायची, दोन पावलं मागे सरायचं, हसायचं. बहुतेक दारं उघडत नाहीत. उघडली तर माणसं म्हणतात "नॉट टुडे, लव्ह" आणि जाळीचं दार लावून घेतात. क्वचित कुत्रं सोडतात. संध्याकाळी त्यांच्या चर्चमधलं कोणीतरी जेवायला बोलवायचं. नऊला घरात, साडेदहाला दिवे बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इथली माती लाल आहे, डोंगर ज्वालामुखीचा. त्या मुलींचे पांढरे मोजे घोट्यांपर्यंत लाल झालेले असायचे, आणि ते लाल कधीच पुरतं निघायचं नाही. तारेवर सहा जोड मोजे आणि सहाही गुलाबी.

एक नियम मला त्यांच्याकडूनच कळला. दोघींनी कायम एकमेकींच्या नजरेत किंवा हाकेच्या अंतरावर राहायचं. बाजारात, रस्त्यात, झोपताना. एकटं असायचं ते फक्त बाथरूममध्ये. नियम चांगला आहे, परक्या देशात पोरींच्या काळजीनेच केलेला आहे. मीही माझ्या मुलीला तसंच सांगितलं असतं, अर्थात तिने ऐकलं नसतं. पण लिंडेल आमच्या बाथरूममध्ये गेली की वीस-वीस मिनिटं बाहेर यायची नाही. नळ चालू असायचा. इथे पाणी जपून वापरतात. मी दारावर टकटक करायचे. "नळ बंद कर गं." नळ बंद व्हायचा. ती तरीही बाहेर यायची नाही.

घरी कॉल करायला ती आमच्या मागच्या पायरीवर बसायची, फोन कुंडीला टेकवून. आत मला सगळं ऐकू यायचं. तिची आई विचारायची, या आठवड्यात किती जणांना शिकवलंत, जेवण कसं आहे, थंडी आहे का. ही म्हणायची, "आय लव्ह इट हिअर, मॉम." आणि तोंडभर हसायची. कॉल संपला की चेहरा हळूहळू मावळायचा, दुकान बंद करताना एकेक करून दिवे घालवतात तसा. मोआला तारेपाशी कपडे झटकत तिच्या भाषेतली गाणी गात असायची. तिला हे दिसायचं का, हे मी तेव्हा स्वतःला विचारायचे. मला दिसत होतं, हे मात्र मी लक्षात घेतलं नाही.

एकदा शिफ्ट संपवून घरी येताना त्या दोघी एका दारासमोर दिसल्या. गाडी सिग्नलला थांबली होती म्हणून नीट पाहता आलं. लिंडेलने बोट बेलपर्यंत नेलं होतं आणि तिथेच ठेवलं होतं, बेलपासून इंचभर दूर. बराच वेळ. शेवटी मोआलाने मागून हात घालून बेल दाबली. सिग्नल हिरवा झाला.

सप्टेंबर संपेपर्यंत तिचा स्कर्ट कमरेवर दुमडून सेफ्टी पिनने अडकवलेला असायचा. माझ्या क्लिनिकमध्ये प्रत्येक पेशंटच्या कागदावर एक रकाना असतो. हल्लीच्या काळात वजन कमी झालं आहे का? हो असेल तर आम्ही डॉक्टरांना कळवतो, दोन प्रश्न आणखी विचारतो, झोप लागते का, जगण्याचा कंटाळा येतो का. विचारायची पद्धत ठरलेली आहे, दोन मिनिटांचं काम. रोज दहा जणांना विचारते. स्वयंपाकघरात बसलेल्या मुलीला विचारलं नाही. रव्याचे लाडू डब्यात भरून दिले. पोरं घरापासून लांब असली की वाळतातच, असं इग्नीला म्हणाले.

त्या महिन्यातला शेवटचा सोमवार. मी सिंकपाशी मासा साफ करत होते. मोआला बाहेर चादरी वाळत घालत होती, तिचं गाणं आत येत होतं, म्हणजे नियम पाळला जात होता. लिंडेल ओट्याला टेकून उभी होती.

"मिसेस डिमेलो, तुम्ही रोज प्रार्थना करता?"

"रोझरी म्हणते. गाडी चालवताना."

"पलीकडे कोणी ऐकतंय असं वाटतं?"

"तेवढा विचार करत नाही. रस्त्यावर लक्ष असतं."

ती हसली नाही. "माझी नुसती रिंग जात राहते," ती म्हणाली. "सात महिने झाले. दारात लोकांना मी सांगते, तो ऐकतो. आणि मला वाटतं, मी खोटं बोलतेय. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा मनात येतं ते म्हणजे, अरे, अजून मी आहे." तिने ओट्यावरचा एक खवला नखाने उचलला. "मी घरी जाऊ का?"

हा प्रश्न तिने मला विचारला. बाकी कोणाला नाही, मला. मासा हातात होता. मी सुरी बाजूला ठेवायला हवी होती.

मी विचारलं, "किती राहिलेत?"

"साडेचार महिने."

"मग आता काय जायचं? साडेतेरा काढलेस, साडेचार निघतील. आमच्याकडे पेशंट येतात, पायाची जखम वर्षभर भरत नाही. त्यांना मी सांगते, वर्षाचा विचार करू नका. आज दुपारपर्यंत काढा. दुपार झाली की संध्याकाळपर्यंत. तूही तसं कर. दुपारपर्यंत."

"दुपारपर्यंत," ती म्हणाली.

"आणि खात जा."

ती म्हणाली, "यस, मॅम." बाहेर जाऊन तिने चादरीचं दुसरं टोक धरलं. मी माशाचे तुकडे केले. काम झाल्यासारखं वाटलं.

मी तसं का म्हणाले, ते मला माहीत आहे. माझी थोरली बहीण, तिला आम्ही बाय म्हणतो, एकोणिसाव्या वर्षी सिस्टर व्हायला कॉन्व्हेंटमध्ये गेली. आमच्या पंथातल्या सिस्टर म्हणजे आयुष्यभराच्या. ती निघाली तेव्हा अंगणात मांडव होता, बँड होता, फादर जेवायला होते. चौदा महिन्यांनी ती एका दुपारी पत्र्याची ट्रंक घेऊन रिक्षातून उतरली. मी अकरा वर्षांची, ओसरीवर चिंचा सोलत बसले होते. आई बाहेर आली, तिने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं आणि म्हणाली, "मागच्या दाराने ये." एवढंच. मारलं नाही, ओरडली नाही. पपा महिनाभर तिच्या उपस्थितीत पेपर वाचत राहिले. देवळात ती बसली त्या बाकावर बायका जरा सरकून बसायच्या. स्थळं आली नाहीत. आली ती अशी की पपांनी आम्हाला सांगितलीही नाहीत. का परत आलीस, असं तिला घरात कोणीच विचारलं नाही. आम्हाला तो आमचा समजूतदारपणा वाटायचा. बाय आता एकसष्ट वर्षांची आहे. भावाच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहते, मसाले करते, लग्नाकार्याला मदतीला जाते आणि पंगत बसायच्या आत घरी येते.

तर परत येणाऱ्या मुलीचं काय होतं, ते मी पाहिलेलं होतं. लिंडेलला मी त्यातून वाचवत होते, असा माझा समज.

त्यांच्याकडे दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात. शनिवारी फोन येतो, कोण कुठे जाणार ते कळतं, दोन-तीन दिवसांत बॅग भरायची. ऑक्टोबरच्या मध्यावर लिंडेलची बदली पश्चिमेला झाली, तीन तासांवरच्या कापसाच्या गावात. निरोप घ्यायला आली तेव्हा मॅगपायची पिल्लं उडाली होती, पक्षी शांत झाले होते, पण तिने हेल्मेटवरचे काटे काढले नव्हते. तिने मला मिठी मारली. पाठीवर हात ठेवला तर कपड्यातून बरगड्या लागल्या, मोजता येतील अशा.

"दुपारपर्यंत, मिसेस डिमेलो," ती म्हणाली आणि हसली.

मला फार बरं वाटलं. आपलं औषध लागू पडलं की नर्सला वाटतं तसं.

फेब्रुवारीत मोआलाचं दीड वर्ष पुरं झालं. टोंगाला परत जायच्या आधी नव्या सोबतिणीला घेऊन भेटायला आली. सोबतीण इग्नीबरोबर अंगणात टोमॅटो बघत बसली. मोआला माझ्यासमोर बसली. मी मटणाचं जेवण केलं होतं. ती जेवली नाही, आणि मोआला जेवत नाही हे बघूनच मी समजले.

"लिंडेलचं कळलं का, आंटी?"

"नाही."

"नोव्हेंबरातच घरी गेली. एका बाईच्या दारात बेल वाजवली आणि पायरीवर खाली बसली. उठलीच नाही. बाईने पाणी दिलं, ते हातात धरून बसली. दोन तास. तिची सोबतीण तिच्याशेजारी बसून राहिली. मग फोन केला. लगेच माणसं आली, डॉक्टर, सगळं. खूप नीट वागले तिच्याशी. पण ती बोलेचना. म्हणून घरी पाठवली."

मी मटणाच्या भांड्यावर झाकण ठेवलं.

"तिच्या सोबतिणीने मला सांगितलं," मोआला म्हणाली. "ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटायची. आधी म्हणायची, दुपारपर्यंत. मग दुपारपर्यंत जमेना, तर पुढच्या दारापर्यंत. शेवटी शेवटी पुढच्या झाडापर्यंत. त्या दिवशी म्हणाली, आता याच्या पुढे काही लहान उरलं नाही."

बाहेर इग्नी त्या दुसऱ्या मुलीला टोमॅटोवरच्या किडीबद्दल सांगत होता. मी मोआलाच्या ताटात भात वाढला. हाताला काहीतरी हवं होतं.

"मी तिला थांब म्हटलं होतं," मी म्हणाले.

"माहीत आहे मला. चादरी घालताना ऐकत होते."

"गाणं म्हणत होतीस ना?"

"गाणं म्हणता म्हणता ऐकू येतं, आंटी." ती पहिल्यांदा जरा हसली, आणि लगेच थांबली. "तुम्हालाच का विचारलं तिने, माहीत आहे? आमच्या चर्चमध्ये कोणालाही विचारलं असतं तर त्याने प्रेमाने सांगितलं असतं, थांब. तिची आई म्हणाली असती, थांब. मीसुद्धा म्हणाले असते, मला तिच्याशिवाय करमलं नसतं. या गावात आमच्या चर्चबाहेरचं जे एक घर आम्हाला आत घ्यायचं ते तुमचं. तिला कोणीतरी जा म्हणायला हवं होतं. तिने तुम्हाला निवडलं होतं."

ती हे रागाने म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. ती मला समजावत होती.

त्या रविवारी मी बायला फोन लावला. वसईला दुपार होती, मागे मिक्सर चालू होता.

"बाय, एक विचारू? तू कॉन्व्हेंटमधून परत आलीस, ते बरं केलंस का?"

तिने मिक्सर बंद केला. "चाळीस वर्षांनी विचारतेस?"

"विचारतेय खरी."

"परत आले ते बरंच केलं. तिथे मला वेड लागलं असतं. पुढचं जे झालं ते तुम्ही केलंत."

"मी लहान होते गं."

"होतीस की," ती म्हणाली. "नंतर मोठी झालीस."

मग मिक्सर पुन्हा सुरू झाला. फोन तिने ठेवला नव्हता, बाजूला ठेवून मसाला वाटत होती. मी बराच वेळ तो आवाज ऐकत बसले.

मोआलाने जाताना लिंडेलचा ईमेल दिला होता. मी लिहिलं, माझं चुकलं, तुला जा म्हणायला हवं होतं. तीन ओळी. त्याहून जास्त लिहिलं तर ते माझ्यासाठी झालं असतं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. तुमचं चुकलं नाही, तुम्ही चांगल्या आहात, कानाची खूण अजून आहे. बटाट्याच्या गोदामात काम करते. रविवारी घरचे चर्चला जातात, मी घरी थांबते, कोणी काही बोलत नाही, सगळे फार समजूतदार आहेत. आई लोकांना सांगते, आमची मुलगी परत येण्याची मी वाट बघतेय. मी शेजारच्या खोलीतच असते. खाली सही होती: केटलिन.

मी लगेच उत्तर लिहिलं. झोप लागते का, डॉक्टरकडे जातेस का, जगण्याचा कंटाळा येतो का, सगळं विचारलं, क्लिनिकमध्ये विचारते त्याच क्रमाने. त्याला उत्तर आलं नाही. ख्रिसमसला लिहिलं, ईस्टरला लिहिलं. मोआलाला विचारलं, तिलाही काही कळत नाही. अडीच वर्षं होत आली. ती आहे की नाही, हे मला माहीत नाही. हे वाक्य मी आजवर इग्नीसमोरही उच्चारलेलं नाही. कागदावर कसं दिसतं ते पाहिलं. तसंच दिसतं.

लोक म्हणतात, तू काय करणार होतीस, परकी मुलगी, दीड महिन्याची ओळख. असं म्हणणारे बरोबरच आहेत. मी जा म्हटलं असतं तर ती गेली असती का, माहीत नाही. गेली असती तर तेच गोदाम, तीच शेजारची खोली, हेही शक्य आहे. पण मग तिच्याजवळ एक माणूस असा असता की ज्याने तिला म्हटलं होतं, जा, यात वाईट काही नाही. बायकडे तसा एकही माणूस नव्हता. तो माणूस व्हायची संधी मला दोनदा मिळाली, एकदा अकराव्या वर्षी आणि एकदा एकोणपन्नासाव्या. पहिल्यांदा चिंचा सोलत होते, दुसऱ्यांदा मासा. काम चालू असलं की मला फार बरं वाटतं. त्यात माझा चांगुलपणा फारसा नाही.

क्लिनिकमध्ये मी आता पेशंटना दुपारपर्यंतचं सांगत नाही. नवी नर्स परवा एका म्हाताऱ्याला सांगत होती, मीच तिला ते शिकवलं होतं. मी मध्येच म्हटलं, "ते नको सांगूस." तिने विचारलं, "व्हाय? इट वर्क्स." मी म्हटलं, "ते चालतं, म्हणूनच नको."

गेल्या तीन वर्षांत समोरच्या युनिटमध्ये सहा-सात जोड्या आल्या आणि गेल्या. मी हात हलवते, कपडे वाळत घाला म्हणते, पण घरात बोलवत नाही. आज शिडीवरून पाहिलेली जोडी परवाच आली आहे. जेवताना इग्नी माझ्याकडे बघत होता.

"त्या पोरींना काही सांगायला जाऊ नकोस," तो म्हणाला.

"का?"

"त्या सुखात असतील. उगाच त्यांच्या डोक्यात काहीतरी घालशील."

"लिंडेलही सुखात होती. दर सोमवारी आईला सांगायची."

ताटं उचलून सिंकमध्ये ठेवली त्याने. तो सहसा ठेवत नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी पावणेसातला मी युनिफॉर्म घालून रस्ता ओलांडला आणि त्यांची बेल वाजवली. दोघी दारात आल्या. एकीच्या केसांतून पाणी खांद्यावर ठिबकत होतं, दुसरीच्या एकाच पायात मोजा होता. मी म्हटलं, "मी समोरची, फिलोमिना. तुमच्यापैकी कोणालाही, कधीही, घरी जावंसं वाटलं, तर मला येऊन सांगा. मी का म्हणून विचारणार नाही. ब्रिस्बेनच्या विमानतळावर स्वतः गाडीने सोडीन." रात्रभर जुळवलेलं वाक्य होतं, एका दमात म्हणून टाकलं.

त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. ओल्या केसांची म्हणाली, "सो काइंड ऑफ यू. पण आम्ही खूप खुशीत आहोत इथे." आणि माझ्याकडे ती इतक्या मायेने बघायला लागली की माझ्या लक्षात आलं, तिला वाटतंय, सकाळी पावणेसातला दारात आलेली ही बाई अडचणीत आहे. तिने विचारलं, तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का? दारातच त्यांनी डोळे मिटले आणि देवाला सांगितलं, आमच्या या शेजारणीच्या मनावर काहीतरी ओझं आहे. एका मोज्यावालीने मग फोन काढून माझं नाव लिहून घेतलं. त्यांच्याकडे यादी असते, ज्यांना ऐकायची इच्छा आहे त्यांची.

"आम्ही मंगळवारी येऊ का शिकवायला? साधारण तासभर?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं. मग मनात आलं, तासभर दोघी माझ्यासमोर बसतील, उजेडात, आणि दर आठवड्याला येतील.

"चारला शिफ्ट संपते माझी," मी म्हटलं. "साडेचारला या. जेवूनच जा."